ग्वाल्हेरचा जुना फोटो : छातीवरच्या चार पदकांवरून अधिकारी ओळखायचा आहे

लष्करवासी

फोटो कार्डावर चिकटवलेला आहे. कार्ड १०८ × १६५ मिमी, म्हणजे तेव्हाचा ठरलेला कॅबिनेट आकार. स्टुडिओचं नाव कापलं गेलंय. अधिकारी खुर्चीत बसलेला, जवळपास समोर तोंड करून. डोक्याला फेटा, खांद्यावरून तिरका चामडी पट्टा, दोन्ही खांद्यांवर तीन-तीन चांदण्या. डाव्या छातीवर चार पदकं एका ओळीत, एकमेकांवर न चढलेली. छातीच्या मध्याकडून दंडाकडे मोजली तर :

१. चांदणीच्या आकाराचं, कडीला लटकलेलं
२. गोल, वर सरळ आडवी दांडी
३. गोल, कडीला लटकलेलं, फितीवर एक तिरका डाग
४. गोल, कडीला लटकलेलं, फीत फिकट आणि मधोमध दोन बारीक गडद रेघा

मागे मोडीत दीड ओळ आहे. त्यात 'सरदार' आणि 'टांगास असता' एवढंच लागतं. नाव होतं तिथे कागद उडालाय.

हा माणूस तीन चुलतभावांपैकी एक असावा. तिघंही ग्वाल्हेर संस्थानच्या, शिंदे सरकारच्या फौजेत : एक ट्रान्सपोर्टमध्ये, एक तिसऱ्या पलटणीत, एक चौथ्या पलटणीत. 'टांगा' या शब्दावरून घरात सगळे ट्रान्सपोर्टवालेच धरून चालले आहेत. पदकांवरून तिघांतला एक ठरेल का?

---

मुरारकर

ठरेल किंवा निदान एक तरी गळेल. आधी स्कॅन नीट करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहणार आहे.

छातीवरचं पदक कार्डावर जेमतेम ३ मिमी असेल. ६०० डीपीआयला ते ७० पिक्सेलांत संपतं, त्यात काही दिसत नाही. फक्त छातीचा तुकडा २४०० डीपीआयला घ्या. फाइल टिफ ठेवा, जेपेग नको. आणि फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. पिवळ्या पडलेल्या जुन्या छपाईत निळ्या चॅनलमध्ये फरक सगळ्यात जास्त उठून दिसतो. लाल चॅनलमध्ये फिकट भाग पार धुऊन जातो. तिन्ही चॅनल वेगळे काढून निळा घ्या, मग लेव्हल्स थोड्या ओढा.

कार्ड वाकलेलं असेल तर काचेवर दाबून सपाट करायला जाऊ नका, वरचा थर तडकतो. अशा वेळी कॅमेरा स्टँडला लावून फोटो काढलेला बरा.

आणि मोबाइलमधलं 'फोटो स्वच्छ करा', 'रंगीत करा' यातलं काहीही वापरू नका. ही अ‍ॅपं न दिसणारा भाग अंदाजाने रंगवतात. फितीच्या दोन रेघांच्या तीन होतात, पदकावर नसलेला चेहरा उमटतो. एकदा तसं चित्र घरच्या ग्रुपवर फिरलं की मूळ फोटो कोणी बघत नाही.

---

फीत आणि पदक

मुरारकरांशी पूर्ण सहमत. आता फितींबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल जवळजवळ काळा येतो, निळा फिकट येतो. आपल्या डोळ्याला जी फीत गडद निळी, ती फोटोत करडी किंवा त्याहूनही उजळ. पिवळ्याचा तर भरवसाच नाही : साध्या काचेवर तो काळा पडतो, ऑर्थोक्रोमॅटिकवर (हिरवा-पिवळाही पकडणाऱ्या काचेवर) बऱ्यापैकी उजळ येतो. १९०० च्या चीन मोहिमेच्या पदकाची फीत किरमिजी आणि कडा पिवळ्या. साध्या काचेवर ती अख्खी एकरंगी काळी दिसते. १८९५ च्या इंडिया मेडलची फीत किरमिजी, त्यात दोन गडद हिरव्या पट्ट्या. तीही तशीच काळी. या दोन फिती फोटोवरून वेगळ्या करू म्हटलं तर फसणारच. तिथे फीत सोडून टांगणी (पदक लटकतं ती कडी किंवा आडवी दांडी) आणि फितीवरच्या दांड्या (मोहिमेच्या नावाच्या पट्ट्या) बघायच्या.

उलट काही जोड्या या दोषामुळेच ओळखू येतात. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटची फीत गडद निळी, कडा किरमिजी. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलची नेमकी उलटी : मध्ये किरमिजी, कडा निळ्या. फोटोत पहिली मध्ये उजळ आणि कडांना काळी, दुसरी मध्ये काळी आणि कडांना उजळ.

आता तुमची चार पदकं. रंग विसरा. क्रम, आकार आणि टांगणी एवढंच धरा.

चांदणी + सरळ दांडीचं गोल + कडीचं गोल, याच क्रमाने शेजारी-शेजारी, हे पहिल्या महायुद्धाचं ठरलेलं त्रिकूट आहे : १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल. खात्री करायला हे बघा :

स्टारची फीत लाल-पांढरी-निळी, एकात एक मिसळत जाणारी. लाल बाजू छातीच्या मध्याकडे असते. म्हणजे फोटोत आपल्या डाव्या हाताची कड काळी आणि उजव्या हाताची फिकट दिसायला हवी. ही फीत दोन बाजूंनी सारखी नाही, म्हणून फार उपयोगाची. उलटी दिसली तर काच उलटी छापली असं समजा. मग कोटाची बटणंही तपासा : पुरुषाच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते.

ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीत मध्ये नारिंगी, मग दोन्ही बाजूंना पांढरी रेघ, तिला लागून काळी, आणि कडेला निळी. नारिंगी आणि निळा कसेही येवोत, पांढऱ्याला चिकटलेली काळी रेघ कुठल्याही काचेवर दिसतेच.

व्हिक्टरी मेडलची फीत दोन इंद्रधनुष्यं जोडल्यासारखी, लाल मधोमध. फोटोत मध्ये गडद पट्टा, दोन्हीकडे हळूहळू उजळ. शिवाय हे पदक काशाचं आणि वॉर मेडल चांदीचं, म्हणून तिसरी तबकडी दुसरीपेक्षा काळपट यायला हवी.

चौथ्याचं वर्णन १९११ च्या दिल्ली दरबार पदकाशी जुळतं : गडद निळी फीत, मधोमध दोन बारीक किरमिजी रेघा. फोटोत फिकट फितीवर दोन काळ्या रेघा, तुम्ही लिहिलंय तसंच. पण मोजून बघा. वॉर आणि व्हिक्टरी दोन्ही ३६ मिमी व्यासाची, दरबार पदक ३८.५ मिमी. मोजायला पट्टी फोटोतच आहे, कारण फितीची रुंदी ठरलेली ३२ मिमी. पहिल्या फितीची रुंदी पिक्सेलमध्ये घ्या, ३२ ने भागा, म्हणजे १ मिमीला किती पिक्सेल ते कळेल. तबकडीचा व्यास मात्र उभा मोजा, आडवा नको. छाती दंडाकडे वळते तसा आडवा व्यास आक्रसतो.

---

लष्करवासी

आभार. नवा स्कॅन २४०० ला केला, निळा चॅनल काढला.

पहिली फीत २२७ पिक्सेल. २२७ ÷ ३२ = ७.०९.
दुसरी तबकडी उभी २५४, म्हणजे ३५.८ मिमी.
तिसरी २५५, म्हणजे ३६ मिमी.
चौथी २७२, म्हणजे ३८.४ मिमी.

पहिल्या फितीची आपल्या डाव्या हाताची कड काळी, उजवीकडे फिकट होत जाते. कोटाची डावी बाजू वर आहे. दुसऱ्या फितीत पांढऱ्याला लागून काळी रेघ स्पष्ट दिसते. तिसरी तबकडी दुसरीपेक्षा बरीच काळी. तिरका डाग अजून आहेच.

---

फीत आणि पदक

मापं चोख जुळली. चौथं दरबार पदकच.

त्याची जागा पण महत्त्वाची आहे. नोव्हेंबर १९१८ पर्यंत राज्यारोहण आणि दरबाराची पदकं मोहिमेच्या पदकांच्या आधी लावत, त्यानंतर नियम बदलून ती मागे गेली. तुमच्या फोटोत ते शेवटी आहे, म्हणजे नवा नियम. तसंही स्टार मंजूर झाला डिसेंबर १९१८ मध्ये, बाकी दोन १९१९ मध्ये, आणि पदकं हातात पडायला त्यानंतरही वेळ गेला. फोटो १९१९ च्या अलीकडचा हे पक्कं.

---

सबलगडकर

शंका. चांदणी १९१४-१५ स्टारच कशावरून? १९१४ चा स्टार वेगळा असतो, तो दिसायला हुबेहूब आहे आणि फीतही तीच. ट्रान्सपोर्टवाला भाऊ १९१४ मध्येच फ्रान्सला गेला असेल तर?

---

फीत आणि पदक

शंका रास्त आहे. दोन्ही स्टार चार टोकांचे, दोन्हीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या तलवारी. फरक मध्यावर. १९१४ च्या स्टारवर तीन छोट्या पट्ट्या एकाखाली एक : ऑगस्ट, १९१४, नोव्हेंबर. १९१४-१५ वर एकच आडवी पट्टी. लष्करवासींच्या स्कॅनवर अक्षरं लागणार नाहीत, पण पट्टी एक की तीन हे ७ पिक्सेल प्रति मिमीला कळायला हवं.

१९१४ चा स्टार फक्त फ्रान्स-बेल्जियममध्ये, ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ दरम्यान असलेल्यांना मिळाला. पूर्व आफ्रिका, इजिप्त, मेसोपोटेमिया यांतले सगळे १९१४-१५ मध्ये येतात, लढाई १९१४ सालची असली तरी. आकड्यावरून लोक घोळ करतात तो इथे.

---

लष्करवासी

पट्टी एकच आहे. मध्यावर एक आडवा फिकट पट्टा, वर-खाली काही नाही.

---

मुरारकर

मग आता तिघे भाऊ घेऊ.

तिसरी पलटण, म्हणजे थर्ड ग्वाल्हेर रायफल्स, अर्धी पूर्व आफ्रिकेला गेली. जनरल एटकनच्या फौजेतली इम्पीरियल सर्व्हिस (म्हणजे संस्थानांनी ब्रिटिशांच्या मदतीला दिलेल्या फौजांची) ब्रिगेड, ज्यात काश्मीर रायफल्सही होत्या. त्या फौजेने २ ते ५ नोव्हेंबर १९१४ ला जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर हल्ला केला आणि मोठी हार खाल्ली. टांगा आज टांझानियात आहे.

चौथी पलटण इजिप्तला. सुएझ कालव्याच्या बचावात अलवर आणि पतियाळाच्या पलटणींबरोबर ३२व्या इम्पीरियल सर्व्हिस ब्रिगेडमध्ये.

दोघांनाही १९१४-१५ स्टार, वॉर आणि व्हिक्टरी असंच त्रिकूट मिळणार. पदकांवरून तिसरी आणि चौथी पलटण वेगळी करता येत नाही, हे आधीच मान्य करून टाकू.

ट्रान्सपोर्टचं वेगळं. ग्वाल्हेर ट्रान्सपोर्ट कोअर वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांत, १८९५ ला चित्रळ आणि १८९७-९८ ला तिराह, दोन्हीकडे होती. तिथे असलेल्या माणसाच्या छातीवर इंडिया मेडल हवंच, आणि मोहिमा क्रमाने लावतात म्हणून ते स्टारच्या आधी, पहिल्या जागी हवं. तिराहची दांडी असली की तिच्यासोबत बहुतेक वेळा पंजाब फ्रंटियर १८९७-९८ ची दांडीही असते, म्हणजे फितीवर निदान दोन आडव्या रेघा. इथे तसलं काही नाही. पदक नसणं हाही पुरावा आहे, लोक तो वाचत नाहीत.

---

सबलगडकर

पण ट्रान्सपोर्टवाला भाऊ १८९८ नंतर भरती झाला असेल तर त्याला इंडिया मेडल कुठून असणार?

---

मुरारकर

बरोबर, तेवढी फट राहते. लष्करवासी, तिघांच्या भरतीची सालं आहेत का?

---

लष्करवासी

ट्रान्सपोर्टवाले सगळ्यात थोरले. तिराहला होते याचा घरात कागद आहे. बाकी दोघांची सालं नाहीत.

---

मुरारकर

मग थोरले गळाले. तिराहचा माणूस दरबार पदक लावून फोटोला बसेल आणि लढाईचं पहिलं पदक घरी ठेवेल, असं होत नाही.

जाता जाता : इंडिया मेडल लढाऊ माणसांना चांदीचं आणि सोबतच्या चाकरवर्गाला काशाचं मिळालं. ट्रान्सपोर्टमध्ये काशाची बरीच दिसतात. दुसऱ्या कोणाच्या फोटोत पहिल्या जागी काळपट तबकडी दिसली तर हे लक्षात ठेवा.

---

मोडीवाचक

पदकांतलं मला कळत नाही, मागच्या ओळीबद्दल लिहितो.

'टांगास असता' यातला 'टांगास' महत्त्वाचा आहे. घोड्याचा टांगा असता तर मराठीत सामान्यरूप होतं : टांग्यास, टांग्यावर, टांग्यात. कुठलाही मराठी लिहिणारा 'टांगास' लिहिणार नाही, जसं कोणी 'घोडास' लिहीत नाही. आपल्याकडची गावंसुद्धा बदलतात : सातारा, साताऱ्यास. जसंच्या तसं राहतं ते परक्या मुलखातलं नाव. म्हणून लिहिणाऱ्याच्या मनात गाव होतं, गाडी नव्हे.

एक तपासा. मोडीत 'या' जोडताना खाली एक छोटा झोका येतो. 'गा' आणि 'ग्या' यांतला फरक त्या झोक्यावर आहे. त्या जागी कागद उडालेला असेल तर माझं म्हणणं मागे घ्यावं लागेल. त्या शब्दाचा तुकडा मोठा करून टाका. मोडीत शब्द तोडत नाहीत, तेव्हा आधीची आणि नंतरची दोन-दोन अक्षरंही येऊ द्या.

---

लष्करवासी

तुकडा टाकलाय. शब्द अखंड आहे.

---

मोडीवाचक

'गा' आहे. झोका नाही. पुढे 'स असता' जोडून आलंय. टांगास.

'सरदार' बद्दल : त्याच्या पुढे 'बहादूर' आहे का ते पाहिलं, नाही. लगेच पुढचा शब्द सुरू होतो.

---

फीत आणि पदक

हे 'बहादूर' नसणं मोलाचं आहे. 'सरदार बहादूर' हा ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाच्या पहिल्या वर्गाचा किताब, दुसऱ्या वर्गाला नुसतं 'बहादूर'. त्याचं चिन्ह छातीवर नाही, गळ्यात लावतात. फोटोत गळ्यात काही नाही आणि मागे 'बहादूर' नाही, दोन्ही जुळतं. म्हणून इथला 'सरदार' हा शिंद्यांच्या दरबारातला, घराण्याचा. ग्वाल्हेरच्या कागदांत हे दोन सरदार एक करून टाकण्याची चूक फार होते, आणि मग लोक ब्रिटिश किताबांच्या यादीत नाव शोधत बसतात.

आता तो तिरका डाग. व्हिक्टरी मेडलच्या फितीवर आहे, दुसऱ्या कुठल्या नाही, आणि तिरका आहे. ती ओकच्या पानांची काशाची डहाळी असू शकते. सेनापतीच्या खलित्यात ज्याचं नाव आलं त्याला ती मिळे, लावायची परवानगी १९२० पासून. पहिल्या महायुद्धाची डहाळी अनेक पानांची, म्हणून कडा करवतीसारखी दिसते. एकच पान असतं ते दुसऱ्या महायुद्धाचं.

पण डाग आणि डहाळी यांत फसगत होते. खोली अंधारी करा, टॉर्च कार्डाच्या बाजूने जवळजवळ आडवा धरा आणि कॅमेरा वरून. डाग शाईचा, बुरशीचा किंवा माशीचा असेल तर तो पृष्ठभागावर उंचवटा किंवा चकाकी देईल. फोटोतलीच वस्तू असेल तर पृष्ठभाग सलग राहील आणि काळेपणा आतला दिसेल. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्या.

---

लष्करवासी

चार बाजूंनी चार फोटो घेतले. पृष्ठभाग सलग आहे, कुठेही चकाकत नाही. निळ्या चॅनलमध्ये मोठं केल्यावर कडा दातेरी दिसते. खालच्या टोकाला देठासारखी बारीक रेघ आहे.

---

फीत आणि पदक

देठ दिसतोय म्हणजे डहाळी. हे तुमच्या फोटोतलं सगळ्यात मोलाचं सापडलं. त्रिकूट हजारोंकडे आहे, पण खलित्यातली नावं छापलेली आहेत.

---

मुरारकर

खलिते लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात छापले जात, आणि ते इंटरनेटवर फुकट आहे. शोधायची पद्धत अशी :

आडनाव टाकून शोधू नका. मराठी आडनावांचं इंग्रजी तेव्हा वाटेल तसं व्हायचं. शिंदे कुठे सिंधिया, कुठे शिंडे. पवार कुठे पोवार, कुठे पुआर. त्यावर जुन्या छपाईची मशीनने केलेली अक्षरओळख, तीही चुकते. त्यापेक्षा 'ग्वाल्हेर' हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाका, तारीख १९१५ ते १९२० लावा आणि निघेल ते पान डोळ्याने वाचा. खलिते पुरवणी अंकांत असतात. नावं पलटणवार लावलेली, संस्थानी फौजा बऱ्याचदा यादीच्या शेवटाकडे. शोधात पान आलं नाही तरी पूर्व आफ्रिकेच्या खलित्याच्या पुरवण्या एकेक उघडून शेवटची पानं चाळा. इजिप्तच्याही चाळा, चौथ्या पलटणीचा भाऊ अजून पूर्ण गळालेला नाही. मोडीची ओळ तिसऱ्या पलटणीकडे बोट दाखवते, पण ओळ कोणी आणि कधी लिहिली ते माहीत नाही.

तीन चांदण्या म्हणजे कॅप्टन, पण फोटोच्या वेळेला. खलित्यात तो लेफ्टनंट किंवा सुभेदारही असू शकतो, तेव्हा हुद्दा जुळत नाही म्हणून नाव सोडू नका. नाव आणि पलटण जुळली की पुरे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची यादी उलट्या बाजूने वापरा. त्या युद्धात पडलेल्यांची ती यादी आहे. खलित्यात सापडलेलं एखादं नाव तिथे असेल तर तो हा माणूस नव्हे, कारण हा १९२० नंतर जिवंत बसलाय.

लंडनमधल्या केवच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पहिल्या महायुद्धाची पदकांची कार्डं आहेत. त्यात भारतीय फौजेची सगळी नाहीत. नाव सापडलं नाही तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

इकडचं : दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल ऑनलाइन बघता येतं. संस्थानचे कागद भोपाळच्या राज्य अभिलेखागारात. 'जयाजी प्रताप' या ग्वाल्हेरच्या वृत्तपत्राचे त्या वर्षांचे अंक कुठे चाळायला मिळाले तर सोडू नका, दरबारच्या नेमणुका आणि बढत्या तिथे बघायच्या.

---

फीत आणि पदक

घरातही दोन गोष्टी शोधा.

एक, पदकं स्वतः. वॉर आणि व्हिक्टरीच्या काठावर आणि स्टारच्या सपाट पाठीवर नाव, हुद्दा, पलटण ठोकलेली असते. दरबार पदकावर नसते. एखादं सुटं पदक कोणाच्या देवघरात किंवा डब्यात निघालं तर चिंच, राख, पावडर काही लावू नका. काठाची अक्षरं उथळ असतात, दोनदा घासली की गेली. भिंगाखाली आडव्या प्रकाशात वाचा, किंवा काठाला पातळ कागद लावून पेन्सिल हलकी फिरवा.

दोन, खलित्याचं प्रमाणपत्र. वर राजचिन्ह, मध्ये नाव, हुद्दा आणि कुठल्या तारखेच्या खलित्यात उल्लेख झाला ते, खाली युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांची सही. सही छापील आहे, ती बघून हुरळून जाऊ नका, कागदाची किंमत वरच्या नावात आहे. दोन्ही भावांच्या घरांत विचारा. हा कागद बऱ्याचदा फ्रेममध्ये दुसऱ्या तसबिरीच्या मागे पुठ्ठा म्हणून घातलेला असतो.

---

लष्करवासी

तिसऱ्या पलटणीच्या भावाकडच्यांना फ्रेमा उघडायला सांगितलंय, खिळे न ठोकता पत्र्याच्या जिभा वाकवून. तोवर पूर्व आफ्रिकेच्या पुरवण्या १९१५ पासून चाळायला घेतो. 'ग्वाल्हेर' असलेल्या पानांचे क्रमांक इथेच टाकत जाईन, चौथ्या पलटणीचं नाव निघालं तर तेही.

---

मोडीवाचक

नाव उडालेल्या जागेचाही आडव्या टॉर्चने एक फोटो काढा. बोरूचा दाब कागदात उतरतो, शाई गेली तरी कधी कधी काना-वेलांट्यांच्या खुणा उरतात. पहिलं अक्षर लागलं तरी दोघांतला एक ठरेल.